डबल स्पीडवर लावलेला दुष्काळ

मित्रांनो, आपल्याला मारामारीचे पिक्चर आवडतात. माहितीपट दिसला की मी डबल स्पीड लावतो.

आज तामलवाडीत एसटीची वाट बघत (भजी लई भारी होती, ते असू द्या) मोबाईलवर बहात्तरच्या दुष्काळाची जुनी फिल्म लावली. डोक्यावर खडीच्या पाट्या घेतलेल्या बाया तुरुतुरु पळायला लागल्या. मी मोठ्यानं हसलो.

शेजारची म्हातारी वाकून बघत होती. म्हणाली, "हळू लाव की रं लेकरा. आसल्याच कामावर माझी माय होती. तिचा एकबी फोटो न्हाय."

लाजेनं मान वर होईना. "चुकलं, आजी," म्हणत हळू लावली. तिनं एकेक तोंड निरखलं. माय दिसली न्हाय.

"दुसरी फिल्म हाय का रं?"

मित्रांनो, आपल्या भागातल्या दुष्काळी कामांची फिल्म कुणाकडं हाय का?