घरजावयाचं वेगळं बिऱ्हाड

गेल्या महिन्यात डहाणूत आमच्या सरांनी आम्हाला दिवसभराचं प्रशिक्षण दिलं. विषय होता, कुटुंबांचं समुपदेशन करताना विचार लवचिक कसे ठेवावेत. सर बोलतात छान. मला मात्र चहासुद्धा गोड लागला नाही.

मी कासाच्या केंद्रात समुपदेशक आहे आणि सर आमचे वरिष्ठ, मुंबईहून अधूनमधून येणारे. मागच्या वर्षी ते आलेले असतानाच उधव्याकडच्या पाड्यावरून एक जोडपं आलं, बायकोच्या कडेवर तान्ही मुलगी. नवरा घरजावई. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. मुलाची लग्नाची ऐपत नसली की त्याने मुलीच्या घरी काही वर्षं राबायचं. संसार तिथेच सुरू होतो आणि कबूल केलेली मुदत भरली की सासरा लग्न लावून देतो. याची मुदत भरत आली होती आणि नेमके आताच सासऱ्याशी रोज खटके उडत होते. नवऱ्याने मध्येच निघून जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

सरांनी दहा मिनिटांत निदान केलं. सासऱ्याची लुडबुड, जावयाची घुसमट, उपाय वेगळं बिऱ्हाड.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सर, मुदत मोडली तर सासरा हे नातंच मानणार नाही. त्याला एकदा बोलावू या. त्याचं म्हणणं तरी ऐकू."

"तू इथलीच ना? म्हणून तुला हे नॉर्मल वाटतं," सर हसून म्हणाले.

एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर जोडप्याने आशागडला खोली घेतली. आठवडाभरात सासरा पाड्यावरची माणसं घेऊन आला आणि लेक-नातीला घेऊन गेला. नवरा गुजरातेत बोटीवर कामाला लागला. त्याचा फोन लागत नाही.

हे सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "कुटुंबाने प्रतिकार केला." सल्ला लागू पडला तर सर बरोबर, नाही पडला तर माणसं आडमुठी. अशाने कुणाला आपलं मत कधी बदलावं लागेल? सासऱ्याला भेटले असते तर कदाचित बदलावं लागलं असतं. म्हणून तर भेटले नाहीत, असं मला वाटतं, आणि त्याचा संताप अजून जात नाही.

प्रशिक्षणानंतरच्या आठवड्यात ती मला कासाच्या बाजारात भेटली. मुलगी आता चालायला लागली होती. घरी कसं आहे, असं मी विचारलं.

"तुमच्या सायबांना सांगा, भांडण मिटला," ती म्हणाली. "बापूस आता कोणाशी भांडंल?"