भिंगरी मॅडमचं अपील

कांबळे मॅडमना पूर्ण कपभर चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. दोन घोट घेऊन त्या उठायच्या आणि चाकणच्या आमच्या लॅबमध्ये येरझाऱ्या घालत बोलायच्या. सगळे त्यांना भिंगरी मॅडम म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि चालतही होतं.

आमची कंपनी संगणकात सीडी-डीव्हीडी वाचणारे डिस्क ड्राइव्ह बनवायची. मी टेस्टिंगला, मॅडम डिझाइनला. प्रत्येक ड्राइव्हच्या भिंगात, मोटरीत मुळातच बारीक दोष असतो आणि त्यामुळे वाचताना चुका होतात. नवी डिस्क घातली की ड्राइव्ह त्या चुका पुन्हा पहिल्यापासून मोजत बसायचा. मॅडमनी ड्राइव्हचा दोष आणि डिस्कचा दोष वेगळे काढले आणि ड्राइव्हपुरती दुरुस्ती त्याच्याच मेमरीत कायमची साठवली. "डिस्कला नावं ठेवण्याआधी स्वतःचं तपास म्हणावं," असं त्या ड्राइव्हकडे बोट दाखवून म्हणायच्या.

पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. चूक साठवणं जुनंच आहे, यात नवं काय, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी हट्टाने कंपनीला कोर्टात अपील करायला लावलं. पण सुनावणीआधीच आमची लाइन बंद झाली. डिस्क कुणी विचारेनासं झालं. यंत्रं ट्रकमध्ये चढत होती तेव्हा मॅनेजर म्हणाले, "मॅडम, अपील मागे घेऊ. आता कशाला तो ताप?"

"माल खपेना, म्हणून शोध खोटा ठरतो का, सर?" मॅडमचा आवाज चढला. "हरले तर हरले. पण न भांडता नाही."

अपील कायम राहिलं.

सुनावणी व्हिडिओवर झाली. जुन्या एका पेटंटातही चूक साठवलीच आहे ना, असं न्यायाधीशांनी विचारलं आणि आमचे वकील चाचपडले. मॅडम परवानगी घेऊन बोलायला लागल्या, तेही उठून, चालत.

"आवाज येतोय, पण तुम्ही दिसत नाही," न्यायाधीश म्हणाले.

मी शेजारून बाही ओढून त्यांना खुर्चीत बसवलं.

"सर, त्यात डिस्क बाहेर काढली की साठवलेलं पुसलं जातं, कारण ती चूक डिस्कची. मी ड्राइव्हची चूक साठवते. डिस्क बदला, ती तिथेच राहते." टेबलाखाली त्यांचे पाय हलतच होते.

निकाल आला तोवर आम्ही पांगलो होतो. मी कासारवाडीला एका वर्कशॉपमध्ये, मॅडम बॅटरीच्या कारखान्यात. वकिलांनी कळवल्यावर मी फोन लावला. मॅडम कंपनीच्या बसमध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या.

"मॅडम, जिंकलो! कोर्टाने पेटंट द्या म्हटलंय."

मागे हॉर्न वाजत होते.

"थांब, बाबांना जोडते. तूच सांग. मला नाही जमायचं."

त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर मशीनपुढे उभं राहून निवृत्त झालेले. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "नाव तिचंच लागलंय ना?"

"हो काका, त्यांचंच."

"मग पुन्हा एकदा सांगा, साहेब. सावकाश सांगा."

मी पुन्हा सुरुवात केली. मॅडम लाइनवरच होत्या. त्यांनी मला एकदाही मध्ये तोडलं नाही.