मुकादमाची चौकशी

सोलापुरातल्या गिरणीत कामगार कसे वागतात ते टिपायला साहेबांनी मला वही दिली होती. मागखात्यातला मुकादम दिवसभर नुसता फिरायचा आणि ज्याच्या-त्याच्या घरची चौकशी करायचा. ‘याला काढावं,’ असं मी लिहून टाकलं आणि त्याच्यावाचून काही अडत नाही याची खात्री करायला त्याला एक दिवस स्टुलावर बसवलं. दुपारी दोन विणकर एकमेकांच्या अंगावर गेले, माग थांबले. मी ओरडलो, पण कुणी ढिम्म हललं नाही.

“उठू का आता, रावसाहेब?” मुकादमानं विचारलं. मी मान डोलावली.

“आईला बरं हाय का रं?” एवढंच तो एकाला म्हणाला, दुसऱ्याला तंबाखू दिली आणि माग सुरू झाले. मी वहीतलं पान फाडलं.

हल्ली रोज सकाळी तो माझ्या टेबलाशी येऊन विचारतो, “खोकला कसा हाय?” आणि मी निमूट कामाला लागतो.