परतीताईंनी भरलेला स्वतःचा अर्ज

त्या प्रवास-कार्यालयाच्या एकोणीस नोंदवह्या आता पुठ्ठ्याच्या चार खोक्यांत आहेत. कार्यालय बंद झाले तेव्हा मालक त्या रद्दीत घालणार होते. जुन्या प्रवासांचे कागद कोणीतरी जमवत आहे हे त्यांच्या कानावर गेले, म्हणून त्या बचावल्या. वह्यांतले अक्षर जवळजवळ सर्वत्र एकाच हाताचे आहे. उभट, आखीव, आणि शून्याला कोणी अक्षर समजू नये म्हणून प्रत्येक शून्याच्या पोटात एक तिरकी रेघ.

ज्यांचे हे अक्षर, त्यांना सगळे परतीताई म्हणत. खरे नाव पगाराच्या कागदांवर आहे. ते छापू नये, एवढी एकच अट त्यांनी घातली.

कार्यालय एका बेटाच्या जिवावर चालत असे. कॅरिबियन समुद्रातले लहानसे बेट. तिथल्या हॉटेलांत या शहरातली माणसे कामाला जात आणि मागाहून त्यांचे आईबाप, बायका, मेहुणे भेटीला जात. बेटाचा व्हिसा लागत नसे, पण वाटेत जिथे विमान बदलायचे त्या देशाचा लागे. "बेट नाही अडवत, वाट अडवते," हे परतीताईंचे ठरलेले वाक्य. पासपोर्टला निदान सहा महिन्यांची मुदत हवी, कुठे उतरणार त्याचा पत्ता हवा, ठरावीक मार्गाने गेल्यास पिवळ्या तापाची लस निघण्याआधी दहा दिवस टोचलेली हवी. आणि सर्वांत आधी परतीचे तिकीट. ते नसेल तर बेटावर उतरूच देत नसत. त्यामुळे समोर कोणीही बसले की पहिला प्रश्न तोच.

"परतीचं काढलंय का?"

"अहो ताई, मधुचंद्राला निघालोय. आत्तापासून परतीचं?"

"त्यांना तुमचं लग्न माहीत नाही. तारीख सांगा."

एका म्हाताऱ्या शिंप्याने विचारले होते म्हणे, "वर जायचं असेल तर तिथलंही परतीचं तुम्हीच काढता का?" यावर ताई हसल्या नाहीत असे मालक सांगतात. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या हसल्या होत्या. याला तिसरा साक्षीदार नाही.

कार्यालयात दोन टेबले, एक नकाशा आणि दोन घड्याळे होती. एक इथले, दुसरे बेटाचे. ताईंच्या हाताशी कायम बटणाची एक निळी प्लास्टिकची फाइल असे, आणि बोलताना तिचे बटण उघडायची-लावायची त्यांना सवय होती. टक्, टक्. फोनवर तर अधिकच.

फोन बेटावरूनच येई, दर रविवारी, धाकट्या भावाचा. ही दोनच भावंडे. आईवडील लवकर गेले. त्याची शाळा, त्याचे दुखणे-खुपणे, सगळे ताईंनी पाहिले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याला बेटावरच्या एका हॉटेलात गाडी चालवायचे काम लागले. विमानतळावर पाहुण्यांच्या नावाची पाटी धरून उभे राहायचे, पाहुणे आले की गाडीत घालून न्यायचे. नोकरी दोन वर्षांची होती. तिकीट ताईंनीच लिहिले, जाण्याचे आणि परतीचे, आणि परतीचा अर्धा भाग स्वतःकडे ठेवायला मागितला, कारण धाकटा वस्तू हरवायचा. उतरताना काउंटरवर दाखवायला त्याच्याजवळ नक्कल दिली. निघताना तो "येतो" म्हणाला. निघणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. पुरावा म्हणून त्या शब्दाला फारसे मोल नाही. परतीचा तो भाग अजून निळ्या फाइलीत आहे. कार्बनची लाल शाई फिकट झाली आहे, पण तारीख वाचता येते.

"मला कधी तिकडे जावंसं वाटलंच नाही," ताईंनी पहिल्या भेटीत सांगितले. "विमानात कान दुखतात म्हणतात."

नोंदवह्या वेगळे सांगतात. एकोणीस वह्यांत सात ठिकाणी ताईंनी स्वतःच्या नावे बेटाच्या विमानात जागा राखून ठेवलेली आहे, आणि सातही वेळा ती सोडून दिलेली आहे. शेऱ्याच्या रकान्यात कारण दरवेळी नियमातले. एकदा पासपोर्टची मुदत पाच महिने सव्वीस दिवस उरली होती. एकदा लशीचे आठच दिवस झाले होते. एकदा वाटेतल्या देशाच्या व्हिसाचा नमुना बदलला होता. यांपैकी एकही अडचण अशी नाही की जी ताईंनी दुसऱ्या कोणासाठी दुपारच्या आत सोडवली नसती. मालकांना हे ठाऊक होते. ते म्हणत, "ताई, तुमचं म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान. अख्खं शहर धाडलंत, स्वतः उंबरा ओलांडत नाही."

"शहराला कोणीतरी इथे लागतं ना, फोन उचलायला," ताई म्हणत.

ही नोंद दाखवल्यावर त्यांनी सातही पाने उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "सहाव्याला खरंच ताप होता मला." सहाव्या नोंदीपुढचे कारण तापाचे नाही.

पुढे लोक आपली तिकिटे आपणच मोबाइलवर काढू लागले आणि एका वर्षी मालकांनी महिनाअखेर कुलूप लावायचे ठरवले. त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी धाकट्याचा फोन आला. हे संभाषण ताईंना शब्दशः आठवते. भावाने फोनवरून दिलेला तपशीलही त्याच्याशी जुळतो.

"ताई, उजवा गेला."

"उजवा काय?"

"डोळा. साखरेनं खाल्ला. डाव्याचं डॉक्टर म्हणतात, दोनेक महिने. पाहू."

टक्, टक्.

"ते बटण थांबव आधी. ऐक. डोळे आहेत तोवर ये. नंतर आलीस तर आवाजच, आणि तो काय, फोनवरही ऐकतोच."

"गाडी कोण चालवतंय तुझी?"

"गाडी गेली केव्हाच. आता मी पाहुण्यांना टॉवेल देतो. कुठलाही दिला तरी पांढराच असतो." मग म्हणाला, "लाल काहीतरी घालून ये. गर्दीत लाल अजून कळतं मला."

त्या आठवड्यात ताईंनी आठव्यांदा जागा राखली, आणि सोडली नाही. वाटेतल्या देशाचा व्हिसा नऊ दिवसांत आणला. लस टोचून घेतली. बाजारातून एक लाल ओढणी आणली. एरवी त्यांच्या सगळ्या ओढण्या राखाडी किंवा तपकिरी, धुतल्यावर रंग उतरण्याची भीती नसलेल्या. कार्यालयाच्या शेवटच्या दिवशी दुपारी, नकाशा भिंतीवरून उतरवल्यानंतर, त्यांनी बेटाचा प्रवेश-अर्ज संगणकावर भरला. कागदाचा जमाना गेल्यापासून असे काही हजार अर्ज त्यांनी भरले होते. अर्ज स्वीकारल्याची पोच आली. ताईंनी पोच छापून निळ्या फाइलीत ठेवली, आणि निरोपाची भेट म्हणून मालकांकडून बेटाचे घड्याळ मागून घेतले.

ते घड्याळ आता त्यांच्या खोलीत आहे. खोली धुलाईच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून वाफ वर येते. खुर्च्या दोन, एकीवर ताई बसतात, दुसरीवर कागद. भिंतीवर दुसरे घड्याळ नाही. "इथली वेळ काय, रस्त्यावरच्या आवाजावरून कळते," असे त्या म्हणतात.

निघायच्या दिवशी विमानतळावर त्या चार तास आधी पोचल्या. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट यंत्राला दाखवला, पडद्याकडे पाहिले, पुन्हा पाहिले.

"मावशी, हा अर्ज तुमच्यासाठी दुसऱ्या कोणी भरलाय का?"

"नाही. मीच भरलाय."

"यात 'दुसऱ्यासाठी' लिहिलंय."

चौथ्या रकान्यातला प्रश्न असा आहे: हा अर्ज आपण स्वतःसाठी भरत आहात की दुसऱ्यासाठी? हजारो अर्जांत ताईंनी एकच खूण केली होती. याही अर्जात बोट तिथेच गेले. मग पुढच्या रकान्यात, तितक्याच सवयीने, कार्यालयाचा परवाना क्रमांक. प्रत्येक शून्य नीट तपासून.

"परवाना रद्द दाखवतोय, मावशी."

"कार्यालय एकतीस तारखेला बंद झालं."

"मग प्रवाशाचं संमतिपत्र लागेल, एजंटच्या नावाने."

"प्रवासी मीच आहे."

"हो, पण एजंट कोण?"

"तीही मीच."

मुलगी वाईट नव्हती. तिने वरिष्ठाला फोन लावला, दोनदा 'हो सर' म्हणाली, आणि ठेवला. "एक तरी कोणी दुसरं लागेल, मावशी. ज्याने भरला त्याने नाहीतर जिच्यासाठी भरला तिने. दोन्हीकडे एकच सही चालत नाही. घरून कोणी येऊन सही करेल का?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"कोणीच?"

"तुमच्यामागे रांग आहे," ताई म्हणाल्या. खरे तर रांग ताईंच्या मागे होती. हे वाक्य त्या आपल्या टेबलावर बसून लोकांना म्हणत असत.

मालक धावून आले असते; ताईंनी त्यांना फोन केला नाही. त्या बसने परत आल्या, लाल ओढणी घडी करून पिशवीत तळाशी ठेवली, आणि बेटाच्या घड्याळात सकाळ होईपर्यंत थांबून फोन लावला.

"चुकले मी अर्जात."

"तू?" धाकटा म्हणाला. मग तो हसायलाच लागला. "अगं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! लोकांच्या वेलांट्यांतल्या चुका काढल्यास जन्मभर..."

"हसू नकोस."

"बरं. पुढचं कधीचं मिळतंय?"

जुना अर्ज रद्द झाल्याशिवाय त्याच पासपोर्टवर नवा घेत नसत, आणि रद्द व्हायला पंधरा दिवस. बेटाला विमाने आठवड्यातून दोनच. जागा होती ती पाच आठवड्यांनंतर. ताईंनी तारीख सांगितली.

"चालेल," तो म्हणाला. "पाच आठवडे म्हणजे काय."

त्या पाच आठवड्यांची नोंद कुठल्याही वहीत नाही, कारण वह्या तोवर संपल्या होत्या. शेजारच्या खोलीतली परिचारिका सांगते की ताई रोज ठरल्या वेळी नीट कपडे करून खाली उतरत, बंद कार्यालयाच्या कोपऱ्यापर्यंत चालत जात आणि परत येत. "विचारलं तर म्हणायच्या, पायांना सवय आहे." पाचही रविवारी फोन आला. चौथ्या रविवारी ताईंनी विचारले, "लालच घालू ना?"

"घाल गं काहीही," धाकटा म्हणाला. "ये म्हणजे झालं."

नवा अर्ज ताईंनी एका दुकानात बसून भरला. चौथ्या रकान्यापाशी आल्यावर पडद्यावर बोट ठेवून त्यांनी प्रश्न मोठ्याने वाचला. दुकानदाराला वाटले त्यालाच विचारत आहेत. "स्वतःसाठी आहे ना आजी?" तो म्हणाला. "हो," ताई म्हणाल्या, "स्वतःसाठी." पोचेच्या दोन प्रती काढल्या.

विमानात कान दुखले.

बेटाच्या काउंटरवर अधिकाऱ्याने परतीचे तिकीट मागितले. ताईंनी फाइल उघडून दिले. गडबडीत आधी अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे निघाले, मग आपले. पासपोर्टवरचा शिक्का स्पष्ट आहे. त्यानंतरचे जे, ते दोघा भावंडांनी सांगितलेले आहे.

दाराबाहेर पाट्या धरून ओळीने माणसे उभी होती. टोकाला धाकटा होता. केस पांढरे, खांदे वडिलांसारखे. त्याच्या पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत 'ताई' लिहिले होते. दुसरे अक्षर पहिल्यावर चढले होते. ताई त्याच्यापासून तीन पावलांवर येऊन उभ्या राहिल्या. त्याचे तोंड त्यांच्याकडेच होते. तो त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, दाराच्या आवाजाकडे पाहत होता. विमानातले लोक येत होते, आपापल्या पाट्यांपाशी थांबून मिठ्या मारत होते, निघून जात होते. ताईंच्या मते हे अर्धा मिनिट चालले. धाकटा सांगतो, "बराच वेळ उभी होती ती. मला ते नंतर कळलं."

ताईंच्या बोटांनी आपले काम केले. टक्. टक्.

पाटी खाली आली.

"ते बटण थांबव आधी," तो म्हणाला. हात पुढे करून त्याने फाइल चाचपली, मग मनगट, मग खांदा. "परतीचं काढलंयस का?"

"काढलंय. एकवीस दिवसांनी आहे."

"शहाणी." त्याचा हात ओढणीच्या काठावर थांबला. काठ त्याने दोन बोटांत धरून चोळला. "लाल आहे का गं?"

"लाल आहे," ताई म्हणाल्या.

एकविसाव्या दिवशी त्या ठरल्याप्रमाणे परत आल्या. हॉटेलातल्या कोणा सहकाऱ्याने विमानतळाच्या दाराशी, त्या पहिल्या भेटीच्या वेळी, दोघांचे एक छायाचित्र काढले होते. ते निळ्या फाइलीत आता परतीच्या जुन्या तिकिटाशेजारी आहे. मागे तारीख आहे, शून्याच्या पोटात तिरकी रेघ असलेली. छायाचित्र रंगीत आहे. ओढणी राखाडी आहे.