चांदसैलीच्या घाटात एअर घेणारी गाडी

नमस्कार. या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, बहुतेक वेळा ट्रकच्या केबिनमध्ये, माल उतरेपर्यंत. लिहितोय मात्र पहिल्यांदा. शाळा आठवीत सुटली, त्यामुळं शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

भूत, बाहेरचं, लागिर... यातलं मी काही मानत नाही. गाडीपुढं लिंबू-मिरची बांधतो, पण ती मालकाच्या समाधानासाठी. गाडी बंद पडली की डिझेल, हवा नाहीतर वायर, या तिघांतलाच एक चोर असतो असं मला शिकवलंय आणि मी तेच धरून चालतो. म्हणून तर लिहायला बसलोय. कारण या वेळी चोर सापडलेलाच नाही.

मी मूळचा उदगीरकडचा. नंदुरबार जिल्ह्यात आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, इथली अहिराणीही कळायची नाही. रनाळ्याच्या आबांनी ठेवून घेतलं. आबा म्हणजे आमचे मालक — मोठी शेती आणि जोडीला एक जुना सहाचाकी ट्रक. लायसन नवं, अनुभव कमी, गाव लांब... असल्या पोराच्या हाती गाडी कोण देतं? त्यांनी दिली. खळ्यातली खोली दिली, सुरुवातीला तर जेवणाचं ताटसुद्धा घरातून यायचं. हे उपकार मी कधी विसरणार नाही. पण त्यामुळंच गाडीला जरा काही झालं की मी धास्तावायचो. वाटायचं, आता आबा म्हणतील, परका पोरगा, गाडीची वाट लावली यानं.

आमची फेरी ठरलेली. तळोद्यात किराणा, सिमेंट भरायचं, चांदसैलीच्या घाटानं धडगावला चढायचं, येताना आमचूरची पोती घेऊन उतरायचं. घाटात अर्ध्यावर एक वळण आहे. कडेला मोहाचं झाड, खाली एक झोपडी. उन्हाळा लागत होता, दुपारची वेळ. त्या वळणावर गाडीनं दोन गचके दिले, आवाज बसला आणि बंद.

मागच्या चाकांना दगड लावले, इंजिन उघडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — डिझेलच्या पाइपात हवा शिरली की पंपाला डिझेल ओढता येत नाही. याला आम्ही ‘गाडीनं एअर घेतली’ म्हणतो. मग फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो. फेस संपून नितळ धार लागली की हातपंप आपोआप कडक होतो. बोल्ट आवळायचा, सेल्फ मारायचा, निघायचं. रोजचं काम आहे.

त्या दिवशी फेस संपेचना. दाबून दाबून अंगठा सोलला. मागं वळलो तर एक म्हातारी उभी. फडक्यात मक्याची भाकर, तिच्यावर लाल मिरचीची चटणी. काय बोलली ते कळलं नाही, डोंगरातली भाषा. पण हाताची खूण कळली — खा.

भूक कसली लागते अशा वेळी! पण नाही म्हणवलं नाही. झाडाखाली बसून खाल्लं. ती समोर बसून राहिली... माझ्याकडं नाही, गाडीकडं बघत. माझी माय अशीच समोर बसते मी जेवताना, काही न बोलता. हात धुऊन परत हातपंपाला लागलो — आणि पहिल्याच दाबाला कडक! नितळ धार. सेल्फला हात लावला न लावला तोच गाडी चालू.

पुढच्या फेरीला तेच. वळणही तेच. त्याच्या पुढच्यालाही.

आबा चिडवायला लागले. "तठेच कसकाय बंद पडस रे? तठे तुन्ही सासुरवाडी शे का?" हसून म्हणायचे, पण मला रात्री झोप लागायची नाही.

तळोद्याच्या मिस्तरीनं सुरुवातीपासून सगळं तपासलं. फिल्टर नवे टाकले. पाइपांच्या जोडावरचे तांब्याचे वायसर बदलले. फीड पंपाची जाळी काढून धुतली. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलं की टाकीतून डिझेल येत नाही, म्हणून ते तारेनं मोकळं केलं. मग म्हणाला, चढावर डिझेल टाकीत मागं सरकतं, आतल्या नळीला वर कुठं चीर असली तर ती हवा ओढणार. टाकी उतरवली, नळी पाहिली. धड. तरी टाकी काठोकाठ भरून पाठवलं. वळण आलं... गचके, बंद.

"भो, गाडी कथाईन तरी एअर ली ऱ्हायनी," मिस्तरी डोकं खाजवत म्हणाला. कथाईन म्हणजे कुठून. "पण कथाईन, ते मालेबी समजी नही ऱ्हायनं."

असाच एकदा वळणावर अडकलेलो असताना मागून दिलवरची जीप आली. दिलवर तळोदा-धडगाव सवारी मारतो, तिथल्याच पाड्यातला. मदतीला उतरला, पण म्हातारी भाकर घेऊन चढताना दिसली तसा पाना खाली ठेवून हसला.

"याहानं पकडलं का तुला?"

"कोण याहा?"

"याहा म्हणजे आई. आम्ही सगळेच तिला याहा म्हणतो. अरे, तिचा पोरगा हीच गाडी चालवायचा! तुझ्या आबांनी घ्यायच्या आधी. वर जाताना रोज इथं थांबायचा, आईच्या हातचं खायचा आणि मग पुढं. गाडी विकली गेली, तसा तो बोअरच्या गाडीवर लागला, तिकडं लांब दक्षिणेत. होळीला आमच्यातला माणूस कुठूनही घरी येतो, दादा. यंदा तो आला नाही. फोनही लागत नाही."

"पण गाडीचा रंग तर बदललाय. तिनं ओळखली कशी?"

दिलवरनं तिला विचारलं. ती कानाला हात लावून काहीतरी बोलली.

"आवाज ओळखते. खालच्या वळणाला तू गिअर बदलतोस ना, तेव्हाच चुलीवर तवा ठेवते."

पुढच्या फेरीला मी काय केलं, तर गचके बसायच्या आधी स्वतःच गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं, दगड लावले, खाली बसून भाकर खाल्ली, निघालो. काही झालं नाही! त्याच्या पुढच्या फेरीलाही नाही. पण हे आबांना सांगणार कसं? पोरगं वेडं झालं म्हणाले असते. आणि त्यांचं ठरतच आलं होतं. "आते एक डाव मी सोता पाहस," ते म्हणाले. "नही ते भंगारमा दी टाकसू." गाडी भंगारात म्हणजे मीही गावाकडं. आणि वळणावर मग कोण थांबणार?

आबा स्वतः स्टेअरिंगवर बसले. मिस्तरीनं शेवटचा उपाय केला होता — टाकी आणि तिचे पाइप सोडून दिले, डिझेलचा कॅन वर उंच बांधला आणि पारदर्शक नळीनं थेट पंपाला जोडला. आता हवा शिरायला जागाच नाही. खालचं वळण मागं पडलं तसा मी आबांकडं वळलो.

"आबा, पुढं जरा थांबू या का?"

"काबर?"

"भाकर खायला."

"घरनी भाकर कडू शे का रे?"

थांबले नाहीत. मोहाचं झाड आलं, गचके बसले, गाडी बंद. नळी डिझेलनं गच्च भरलेली, एक बुडबुडा दिसत नव्हता. आणि बोल्ट सैल केला तर फेस! आबांनी बाह्या सरसावून हातपंप मारला, शिव्या दिल्या, परत मारला. तेवढ्यात याहा आली. या वेळी भाकरी दोन होत्या. आबांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी हळूच दिलवरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ते झाडाखाली येऊन बसले.

खाऊन उठल्यावर हातपंपाला हात त्यांनीच लावला. कडक.

परत येतानाही स्टेअरिंग आबांकडंच होतं. रनाळ्यात उतरताना एवढंच म्हणाले, "पुढला डाव जाशी तव्हय तिनाकरता गूळ लई जाय." भंगाराचा विषय परत निघाला नाही.

इथंच थांबलो असतो. पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी मायचा फोन आला, नेहमीपेक्षा उशिरा. आमचं घर रस्त्याला लागून आहे.

"उशीर झाला बग आज. दारात एक गाडी बंद पडली होती. बोअरची."

"बोअरची?"

"डायवर पोरगं वाकून वाकून कायतरी दाबायलं होतं, घामाघूम. बोली कळंना त्याची. म्हणलं, राहू दे, आधी खा लेकरा. पिठलं-भाकर दिली. खाऊन उठलं, हात लावला की गाडी सुरू!"

"दिसायला कसा होता गं?"

"कसा असतोय डायवर? तुझ्यावाणीच. डिझेलचा वास." मग म्हणाली, "तू कवा येतूस?"

येतो म्हणालो. नेहमी म्हणतो तसंच.

मला कळतं, बोअरच्या गाड्या कुठंही फिरतात आणि जुनी गाडी कुणाच्याही दारात बंद पडू शकते. पण गूळ घेऊन गेलो त्या दिवशी दिलवर भेटला, तेव्हा राहवलं नाही. त्याला म्हटलं, याहाला सांग, माझ्या मायनं दारात अडकलेल्या बोअरच्या गाडीवरच्या पोराला जेवू घातलं. तो तिचाच पोरगा होता असं मी म्हणालो नाही. कसं म्हणणार?

तिनं ऐकून घेतलं. गुळाचं फडकं मांडीवर धरून रस्त्याकडं बघितलं. मग काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"विचारते, पोट भरलं का त्याचं?"

"भरलं, सांग. पोटभर जेवला."

एवढंच आहे. डिझेल गाड्यांतलं कळणारं कुणी वाचत असेल तर कारण सांगा, मी खरंच वाट बघतोय. मिस्तरी अजून म्हणतो, एकदा पंप पूर्ण खोलून बघू. मी हो म्हणतो. घाट चढताना खालच्या वळणाला गिअर मात्र जरा जास्तच आवाज करून टाकतो... तवा ठेवायला तिला वेळ मिळावा म्हणून.