पुंजारामच्या हातचा गुण

पुंजारामनं ज्या झाडाचं नाव वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नाही, ते मी पहिल्याच ओळीत सांगून टाकतो: एरंड. उकिरड्यावर, ओढ्याच्या काठाला, पडक्या भिंतीच्या आडोशाला कुणी न लावता उगवतो, तोच. त्याचा कोवळा पाला वाटायचा, रस फडक्यानं गाळायचा आणि दुधात घालून कावीळ झालेल्या माणसाला पाजायचा, एवढंच ते औषध. टेंभुर्णीपासून जाफराबादपर्यंत कुणाचे डोळे पिवळे दिसले की लोक त्याच्या दाराची वाट धरायचे.

औषध त्याला बापानं, कडूबानं दिलेलं, आणि औषधापेक्षा त्याचे नियमच जास्त. द्यायचं ते रविवारी नाहीतर बुधवारी. आदल्या संध्याकाळी झाडाला हळदीकुंकू वाहून, मुळाशी सुपारी ठेवून आवतन द्यायचं. पहाटे तोंडातून शब्द न काढता पाला खुडायचा. झाडाचं नाव सांगायचं नाही, सांगितलं की गुण गेला. बदल्यात नारळसुद्धा घ्यायचा नाही. आणि सगळ्यांत कडक नियम शेवटचा: आपल्या हातानं आपल्या लेकराला द्यायचं नाही, दिलं तर उलटतं. म्हणून तर कडूबानं दोन्ही पोरांना औषध शिकवलं. मरताना त्यानं पुंजाराम आणि धाकटा रामकिसन, दोघांना उशाशी बसवलं आणि म्हणाला, "याच्या लेकराला तुवा द्यायचं, तुह्या लेकराला यानं. म्हंजे तुमाला एकमेकाबिगर सुटका न्हाई."

म्हातारा धोरणी होता. पण त्याच्या माघारी बांधावरच्या एका बाभळीवरून दोघा भावांची अशी जुंपली की बोलणंच बंद झालं. बाभूळ तोडली कुणी आणि सरपण नेलं कुणी, हे आज कुणालाच धड सांगता येणार नाही. मधे एकच भिंत, पण पलीकडचा खोकला ऐकूनही कुणाची मान वळत नव्हती. पुंजाराम थोरला. धाकट्यानं आधी यावं, असं त्याचं म्हणणं. धाकट्याचं काय म्हणणं होतं, ते त्यानं कधी विचारलंच नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीच्या तळाशी जे गढूळ पाणी पाझरायचं, ते बायका वाटीवाटीनं भरून आणायच्या. निम्मं गाव सडकेवर खडी फोडायला जात होतं. शिवारात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. ओढ्याकडेचा एरंड तेवढा तग धरून होता, कारण त्याला उपाशी शेळीसुद्धा तोंड लावत नाही. त्या पाण्यानं कावीळ आली आणि घरोघर फिरली. पुंजारामच्या अंगणात पहाटे रांगा लागायला लागल्या. बहुतेक लोक बरे झाले. कावीळ पुष्कळदा आपली आपणच उतरते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यानं मानलं नसतं. जे गेले त्यांनी पथ्य पाळलं नसेल, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

त्याच उन्हाळ्यात त्याची एकुलती एक लेक नंदा पहिल्या बाळंतपणाला अंबडहून माहेरी आली. एका सकाळी तिची वेणी घालताना तुळजाबाईचा हात थांबला. तिनं नवऱ्याला हाक मारली. "आवं, पोरीचे डोळे पाह्यले का? हळदीवानी झाल्यात."

पुंजारामनं अंगठ्यानं लेकीची पापणी खाली ओढली. किती जणांचे डोळे त्यानं असे पाहिले होते, पण आज त्यानं दुसरीही पापणी ओढून पाहिली.

"रामकिसन भाऊजीला सांगा," तुळजाबाई म्हणाली. "न्हाईतर जाफराबादला दवाखान्यात नेऊ."

"दवाखान्यात? साऱ्या शिवाराला म्या औषिध देऊन राह्यलो, आन माही पोरगी दवाखान्यात? लोक काय म्हंतील?"

"काय बी म्हणू द्या. पोरगी आपली हाय का लोकांची?"

तो भावाच्या दाराकडे निघाला आणि अर्ध्या अंगणातून माघारी आला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. धाकट्याच्या दारात काय तोंडानं उभं राहायचं, हेच त्याला उमजेना, आणि तेवढ्यात रविवार आला. अंगणात परगावचे लोक लोट्या घेऊन बसले होते. तो एकेकाला पाजत होता. ओसरीवरून नंदा बघत होती.

"आबा," ती म्हणाली, "मला बी द्या की त्यातलं घोटभर."

"तुला माह्या हातचं न्हाई चालत, माय."

नंदा हसली. बापाचं काहीतरी शहाणपण असेल, असं तिला वाटलं असावं.

शेवटी तुळजाबाईच भिंतीपलीकडे गेली. रामकिसननं ऐकून घेतलं. "वयनी, औषिध मागणारानं सवता यावं लागतं, हे दादाला बी ठावं हाय. त्याला म्हणावं, नुसता दारात उभा राह्य. बोलू बी नको."

मंगळवारी दिवस कलताना पुंजाराम भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. रामकिसन खडीच्या कामावर मिळालेल्या सुकडीची ताटली खाली ठेवून तसाच बाहेर आला. थोरल्याला पाहून त्याचे डोळे भरून आले. "इतके दिवस कामून थांबला, दादा?" एवढंच तो म्हणाला आणि हळदीकुंकू घेऊन ओढ्याकडे आवतन द्यायला गेला.

बुधवारी पहाटे रामकिसननं पुतणीला आपल्या हातानं औषध पाजलं. नंदानं ते सगळं ओकून टाकलं. तिचं अंग सुजलं होतं, नखंसुद्धा पिवळी पडली होती. रामकिसननं भावाला बाजूला घेतलं. "दादा, हे आपल्या औषिधाचं काम न्हाई. चल, आत्ताच जाऊ जाफराबादला."

"तीन वार द्यावं लागतं. बानं तसंच सांगितलंय."

"बा मेला, दादा. पोरगी जित्ती हाय."

पुंजाराम हलला नाही. त्याच्या मनात लोक होते, बाप होता, ओढ्याकाठचा एरंड होता. लेक त्या सगळ्यांच्या मागं कुठंतरी उभी होती. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण ते असंच होतं.

शनिवारी नंदा बरळायला लागली. आईला ओळखेना. बैल चाऱ्यापायी आधीच विकलेले, म्हणून बाजेवर घालून तिला सडकेपर्यंत नेलं. पुढं रामकिसन, मागं पुंजाराम. कित्येक वर्षांत दोघा भावांनी मिळून उचललेलं हे पहिलंच ओझं. सडकेवर एसटी मिळाली. जाफराबादच्या डॉक्टरनं तपासून विचारलं, "डोळे पिवळे केव्हा झाले?" तुळजाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "जालन्याला न्या. लगेच."

जालन्याची गाडी यायच्या आत, स्टँडवर, तुळजाबाईच्या मांडीवर नंदानं मान टाकली. पोटातलं पोटातच राहिलं.

सुतक फिटलं तसे लोक परत यायला लागले. अशी गोष्ट घडल्यावर तरी ते थांबतील, असं तुळजाबाईला वाटलं होतं. पण काविळीला कुठलं सुतक! बुधवारी उजाडायच्या सुमारास वाडीवरची गोजरबाई आपल्या नातीला कडेवर घेऊन आली. दुसऱ्या हातात दुधाची लोटी. पुंजाराम ओसरीवर बसून होता. त्यानं आवतन दिलं नव्हतं, पाला खुडला नव्हता.

"मावशी, तिला दवाखान्यात न्या," तो म्हणाला.

गोजरबाई उभीच राहिली.

"एरंड हाय तो!" पुंजाराम एकदम ओरडला. घरातून तुळजाबाई धावत बाहेर आली. "ऐकलं का? साधा एरंड! तुमच्या उकिरड्यावर बी हाय. न्या, वाटा, पाजा, काय करायचं ते करा. त्यात काही बी न्हाई!"

बापानं तोंड शिवून ठेवलेलं ते नाव बाहेर पडलं. आता गुण गेला, असं त्याला वाटलं, आणि छाती जराशी हलकी झाली. पण गोजरबाई खाली बसली आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागली. लेक गेलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"एरंड का असंना, बाबा. गुण काय झाडात असतो व्हय? एरंड तर साऱ्याच्या दारात हाय. गुण तुमच्या हातात हाय."

पुंजारामनं आपल्या हातांकडे पाहिलं. याच हातचं लेकीनं घोटभर मागितलं होतं. गुण हातात असेल, तर तो त्यानं तिला दिला नाही. आणि नसेल, तर इतके दिवस तो तिची दवाखान्याची वाट अडवून बसला होता. कुठूनही धरलं तरी पोर त्यानंच घालवली होती. तो हुंदके देऊन रडायला लागला.

गोजरबाईनं त्याला रडू दिलं. मग लोटी त्याच्या पुढ्यात सरकवली आणि नातीची हनुवटी वर केली. "आ कर माय. बाबा औषिध देणार हायेत."

त्याच्या हातात काहीच नव्हतं. पोरीनं पिवळे डोळे त्याच्यावर लावले आणि आ केला.