करंदी बर्गरचा नंबर

नंदकुमारने बर्गरची व्याख्या केली आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला. "पावाच्या पोटात तळलेलं, चपटं काहीतरी पाहिजे. गोल असेल तर तो वडापाव, चपटं असेल तर बर्गर." हे याला सांगितलं कुणी? तर त्याचा मावसभाऊ बोटीवर होता आणि त्याने कुठल्याशा बंदरात खराखुरा हॅमबर्गर खाल्ला होता. नंदकुमार स्वतः पनवेलच्या पुढे गेलेला नव्हता. पण बोलायचा असा, की जणू त्याच्या घरी पिढीजात धंदा आहे!

आम्ही तिघं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत होतो. मी लॅबमध्ये, मीना ऑफिसात टायपिस्ट, नंदकुमार प्लँटवर. साल चौऱ्याऐंशीच्या आसपासचं. कंपनीची बस संध्याकाळी वाशीच्या डेपोसमोर सोडायची, आणि घरी जाऊन स्वयंपाकाला जुंपून घ्यायच्या आधी काहीतरी चरायचं हा आमचा नेम. वाशी तेव्हा अर्धी बांधलेली, अर्धी नुसती आखलेली. खाण्याची ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. तरी आम्ही रोज भांडायचो.

व्याख्येत बसणारे तीन. एक उडप्याचा व्हेज बर्गर, म्हणजे बिटाचं कटलेट, वर टोमॅटोची चकती आणि सॉस. सॉस कसला, तांबडा भोपळा होता तो, पैजेवर सांगते. दुसरा बेकरीवाल्याचा मटण पॅटिस, पाव लोण्यासारखा मऊ, पण आतलं मटण शोधायला भिंग लागेल. आणि तिसरी डेपोजवळच्या हातगाडीवरची, बयाबाईंची करंदीची वडी. करंदी म्हणजे कोलंबीची धाकटी बहीण, बोटाच्या पेरापेक्षा लहान. कांदा, मिरची, लसणीची पात आणि तांदळाचं पीठ घालून बयाबाई तिची वडी तव्यावर थापायच्या. कडा कुरकुरीत, आतून रसाळ. पावात घालून वर हिरवी चटणी. "करंदी बर्गर" हे नाव अर्थातच नंदकुमारचं. माझा आणि त्याचा पहिला नंबर बयाबाईंना. मीना गुरुवारी मासळी खात नसे, त्यामुळे तिचं मत गुरुवारी उडप्याकडे जायचं.

बयाबाई सानपाडा गावच्या. पन्नाशीच्या, काळ्याभोर, आवाज असा की डेपोतली बस थांबेल. भातशेत नवीन शहरात गेलं. नवरा, किसन, खाडीत जाळं टाकायचा तेवढं राहिलं. मग त्या मासळीची टोपली घेऊन फ्लॅटांचे जिने चढू लागल्या. गाडी कशी लागली असं मी एकदा विचारलं. मला चौकशांची खोड आहे, आई म्हणायची की या पोरीचं नाक जन्मतःच दुसऱ्याच्या घरात आहे. तर बयाबाई म्हणाल्या, "मासली घ्या म्हनला तं साफ करून मागतील. साफ केली तं वाटण करून द्या म्हनतील. मंग मीच म्हनलं, शिजवूनच देते बायांनो, भरवायला तेवढं बोलवू नका!"

त्यांचा मुलगा सदू आमच्याच कंपनीत, नंदकुमारच्या प्लँटवर हेल्पर होता. शेत गेलं त्याच्या बदल्यात ही नोकरी, असं गावात मानत. सदूचं नाव काढलं की बयाबाईंचा चेहरा फुलायचा. "माझा पोर पगारी हाय," म्हणायच्या, आणि तो आमचा सोबती म्हणून आमच्या पावात वडी जरा मोठी पडायची.

पुढच्या वर्षी पावसाळा संपला आणि वडीला काहीतरी झालं. पहिल्यांदा मीना बोलली. "अगं, कसलातरी वास येतोय का?" मी म्हटलं, तुझा गुरुवार जवळ आलाय. पण दोन घास खाल्ले आणि मलाही वाटलं, आहे खरं काहीतरी. धड नासलेलं नाही, धड करपलेलं नाही. जिभेच्या मागे बसून राहणारं, तेलकट. इतर गिऱ्हाइकं सरळ म्हणू लागली, "बाई, घासलेट पडलं काय?" आणि हळूहळू उडप्याकडे वळू लागली.

माझा तर पारा चढला. लॅबमध्ये साहेब बाटली आणून माझ्या नाकाखाली धरायचे, इतकं माझं नाक नावाजलेलं. आणि एका वडीचा वास मला ओळखता येऊ नये? पण दिवसभर रसायनांच्या वासात काढल्यावर संध्याकाळी नाक मेल्यासारखंच असे. ते सांगे, काहीतरी आहे. काय आहे, ते सांगेना.

एके दिवशी गाडीवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बयाबाईंनी उलथनं खाली ठेवलं. "तुमी शिकलेली मानसा. रोज नंबर लावताय. खरा सांगा, माझा कुठं चुकतंय? असाच चालला तं गाडी बंद करावी लागंल."

मग आम्ही इरेला पेटलो. मीना म्हणाली, तेल. बयाबाईंनी तेल बदललं. वास तसाच. नंदकुमार म्हणाला, शेगडी पेटवायला रॉकेल ओतत असणार. बयाबाई भडकल्या, "आवो, करवंट्या लावते मी, बगा की डोल्यानं!" त्याने वाकून बघितलं, खरंच करवंट्या होत्या. चटणी बदलली, तवा राखेने घासला, पाव दुसऱ्या बेकरीचा आणला. वास जागचा हलेना. नंदकुमारने बेकरीवाल्याला पहिला नंबर दिला आणि मला तो दुसऱ्या दिवशी दिवसभर आवडला नाही.

सणाची शुक्रवार-शनिवारची सुट्टी रविवारला जोडून आली. दोन दिवस कंपनीचं तोंड बघितलं नव्हतं. रविवारी सकाळी न्हाऊन, स्वच्छ नाकाने मी सानपाडा गावात बयाबाईंच्या दारात उभी. म्हटलं, तळायच्या आधीची करंदी बघू.

"बाय, तू? ये गो ये!" त्यांनी पाट मांडला, चहा टाकला. सदू घरी नव्हता. किसनकाका नुकतेच खाडीतून आले होते, पायांना अजून चिखल. टोपलीत करंदी वळवळत होती, पारदर्शक, अगदी ताजी. मी मूठभर उचलली आणि नाकाशी नेली.

वळवळणाऱ्या, जिवंत करंदीला आमच्या प्लँटचा वास येत होता. रोज लॅबमध्ये बाटलीचं बूच उघडलं की येतो तो. तिळभर फरक नाही. आमच्या कंपनीचा नाला मागच्या कुंपणातून निघून खाडीला मिळतो हे मला ठाऊक होतं. शेजारच्या कंपन्यांचेही तिकडेच जातात. नाला कुठेतरी जाणारच, इतकाच मी त्याचा विचार केलेला.

मला गोल गोल बोलता येत नाही. सांगून टाकलं. "बयाबाई, तुमच्या हाताची काही चूक नाही. हा आमच्या कंपनीचा वास आहे. पाण्यातून करंदीत उतरलाय."

त्यांनी माझी मूठ नाकाशी ओढली. मग म्हणाल्या, "ह्यो? ह्यो तं नोकरीचा वास."

"म्हणजे?"

"तुमी तिगा गाडीवर येताव तवा येतोच की. मना वाटला, तुमच्या अंगाचा. नोकरीवाल्यांना कसा बोलायचा तोंडावर, म्हनून गप ऱ्हायले. आनि सदूच्या कपऱ्यांना तं नेमाचाच. त्याला नोकरी लागली तवा पयल्यांदा घरात आला ह्यो वास. मी हरखले बाय. त्याचा शर्ट धुवाया घेतला का आदी हुंगायची. म्हनायची, माझ्या घरात पगार आला."

त्या उठल्या. खुंटीवरचा सदूचा निळा शर्ट काढला, नाकाशी धरला. मग खाली बसून टोपलीत तोंड घातलं. परत शर्ट. परत करंदी. किसनकाका दारात उभे राहून बघत होते. मला रडू फुटेल असं वाटलं आणि कंपनीचा इतका संताप आला, की उद्याच साहेबांच्या टेबलावर ही टोपली आपटावी. आणि साहेब काय म्हणतील तेही मला तोंडपाठ होतं.

"मी बोलते कंपनीत," मी म्हटलं.

"बोल तू. तुझा तू बोल," त्यांनी शर्टाची घडी घातली. "पन सदूला यातला काय नको सांगू. त्याचा डोका गरम हाय. बापाच्या जाल्यात ह्यो वास कंपनीचा हाय असा कलला, तं उद्याच्याला नोकरी सोरून घरी बसंल. येक घर दोन ठिकानी बुराया नको."

सोमवारी मी साहेबांशी बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि मला लॅबमध्ये परत पाठवलं.

त्या संध्याकाळी गाडीवर करंदी नव्हती. बयाबाई बटाट्याच्या चपट्या वड्या तळत होत्या. सदूही पाळी संपवून आला होता, निळ्या शर्टात, आमच्या शेजारी उभा राहून पाव खात होता.

"हे काय बयाबाई?" नंदकुमार म्हणाला. "आमचा करंदी बर्गर कुठे गेला?"

"कंटाला आला मना. रोज कोन सोलीत बसंल?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

नंदकुमारने दोन घास चावले, डोळे मिटले, आणि मोठा न्यायाधीश असल्यासारखा निकाल दिला. बेकरी पहिली, उडपी दुसरा, बयाबाई तिसऱ्या. मीनाने मान डोलावली. माझ्या ओठावर इतकं आलं होतं, की मी पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

सदूने हातातला पाव उलटा करून बघितला. "आये," तो म्हणाला, "वास मारत व्हती तरी करंदीच बरी व्हती गो. उद्या आन ना."

बयाबाईंनी त्याच्या पावात आणखी एक वडी सरकवली.

"खा गुपचूप," त्या म्हणाल्या.